कॉफीघरात कोण बसणार?

समुद्रकाठच्या एखाद्या खेड्यात टुमदार कॉफीघर निघाले, की आपल्याकडे ताबडतोब दोन तट पडतात. एक तट म्हणतो, गाव बुडाले. दुसरा म्हणतो, गावाला नवी चावडी मिळाली. पहिल्या तटात पेन्शनर मंडळी असतात आणि दुसऱ्यात त्यांचीच नातवंडे. म्हणजे एकाच घरात, एकाच फराळाच्या ताटाभोवती हे दोन्ही पक्ष सुखाने नांदत असतात. मला या दोन्ही पक्षांशी भांडायचे आहे, आणि दिवाळीइतका चांगला मुहूर्त त्याला दुसरा नाही. तोंडात अनारसा असला म्हणजे प्रतिपक्षाला चटकन उत्तर देता येत नाही.

पहिल्या पक्षाला मी फार वेळ देणार नाही. पेयावरून धर्म बुडाल्याची ओरड आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक यांच्यासह शहरातल्या मोठमोठ्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसती पाहिली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली, आणि पुढे ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. आज पुण्यात चहा आहे, ग्रामण्य नाही. तिकडे तमिळ मुलखातही विसाव्या शतकाच्या आरंभी कॉफीवर असेच आसूड ओढले गेले होते. सकाळची पेज सोडून घरोघरच्या बायका कॉफीच्या नादी लागल्या, असा गळा काढणारे लेखक तिथे होते. ती कॉफी आता तिथल्या देवघराइतकीच सोवळी होऊन बसली आहे. तेव्हा गाव कॉफीने बुडते हे म्हणणे सोडून द्यावे. पण पंचहौदच्या चहातली एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. भांडण पातेल्यातल्या पाण्याशी नव्हते. कोण कोणाच्या शेजारी बसला, याच्याशी होते. पुढे आपल्याला हेच उपयोगी पडणार आहे.

आता नातवंडांचा पक्ष. हा पक्ष हुशार आहे. तो म्हणतो, आम्ही काही परदेशी कंपनीच्या साखळी-दुकानाची वकिली करत नाही. आम्ही बोलतो ते एकट्या-दुकट्याने काढलेल्या, स्वतंत्र कॉफीघराविषयी. तिथे मालक स्वतः कॉफी करतो, गिऱ्हाइकाला नावाने हाक मारतो. भिंतीवर गावातल्या मुलांची चित्रे असतात, कोपऱ्यात लाटांवर स्वार व्हायच्या फळ्या उभ्या असतात. समुद्रातून आलेली मुले ओल्या केसांनी तिथे बसतात, अनोळखी माणसांची ओळख होते. पार गेला, पाणवठा गेला, आता हीच चावडी.

हे चित्र इतके गोड आहे, की ते खरे असावे असे मलाही वाटते. म्हणूनच मी ते जिथे पाहायला मिळते त्या गावाविषयी लिहितो.

गावाचे नाव कोवलम. केरळातले नव्हे; ते निराळे आणि जास्त प्रसिद्ध. हे कोवलम चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर, महाबलीपुरमच्या वाटेवर आहे. अर्काटच्या नवाबाच्या काळात हे बंदर होते. इथला किल्ला १७५२ साली क्लाइव्हने घेतला. गावात देऊळ आहे, चर्च आहे, आणि दूरदूरचे लोक नवस फेडायला येतात असा एक दर्गा आहे. पण गाव मुळात कोळ्यांचे. लाकडाचे ओंडके दोराने बांधून केलेला तराफा घेऊन या किनाऱ्यावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या लाटा फोडून आत जात आले. त्या तराफ्याला तमिळमध्ये 'कट्टुमरम' म्हणतात, म्हणजे बांधलेले लाकूड. साहेबाने त्याचेच 'कॅटमरान' केले. आता ओंडक्यांच्या जागी फायबरच्या होड्या आणि इंजिने आली, तरी लाट कुठे फुटेल हे पाहण्याची नजर तीच राहिली. तेव्हा सर्फिंग हा खेळ या गावाला कोणी परक्याने शिकवला असे समजण्याचे कारण नाही. फळी परदेशी असेल, लाटेवर तोल सांभाळणे घरचे आहे. इथल्याच मूर्ती मेघवन नावाच्या कोळ्याने २०१२ साली सर्फिंगची शाळा उभी केली. चेन्नईच्या एका उद्योजकाने पैशांचा हातभार लावला आणि गावची कोळ्यांची पोरे शिक्षक झाली. शहरातले इंजिनीअर पैसे मोजून त्या पोरांकडून बुडण्या-तरंगण्याचे धडे घेऊ लागले. गुरू गावचा, शिष्य शहराचा, हे दृश्य आपल्या देशात इतके दुर्मिळ आहे, की त्याच्यासाठी तरी कोवलमला जाऊन यावे.

मी तिथे एकदा नव्हे, तीन-चारदा गेलो आहे. समुद्रात हे दृश्य पाहून झाले, की माणूस कॉफी प्यायला वर येतो आणि तिथे ते उलटे होते.

ज्या कॉफीघरात मी बसलो ते अगदी नातवंडांच्या वर्णनाबरहुकूम होते. मालक सज्जन. कॉफी उत्तम, चिकमगळूरच्या कोणत्या मळ्यातले बी आहे तेही त्याने मला सांगितले. किंमत २२० रुपये. तेथून चालत पाच मिनिटांवर, बस थांबते तिथल्या टपरीवर, पितळी डवरा-टंबलरात फेसाळ फिल्टर कॉफी १५ रुपयांना मिळत होती, आणि जिभेची शपथ घेऊन सांगतो, ती वाईट नव्हती. पण मुद्दा चवीचा नाही. रविवारच्या सकाळी मी त्या कॉफीघरात दोन तास बसलो आणि कोण बसले आहे ते पाहिले. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या संगणक-कचेऱ्यांतली तरुण मंडळी होती. एक फ्रेंच जोडपे होते. एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन आले होते, आणि कुत्र्यासाठी पाण्याचे भांडे तत्परतेने आले. गावचे कोण होते? कप विसळणारी बाई गावची होती. मागच्या दाराने मासळीची टोपली देऊन गेलेला म्हातारा गावचा होता. पंधरा पावलांवर, कॉफीघराच्या कुंपणाबाहेर, चार माणसे वाळूत मांडी घालून जाळे सांधत होती. तीही गावची होती. त्यांना कोणी आत येऊ नका म्हटले नव्हते. दारावर तशी पाटी नव्हती. पाटी फळ्यावर होती, रंगीत खडूने लिहिलेली, आणि तिच्यावर फक्त आकडे होते.

इथे नातवंडांचा पक्ष उसळून म्हणेल, मालकाने काय करावे? जागेचे भाडे केवढे! बरोबर आहे, मालकाचा यात दोष नाही. माझा आक्षेप आहे तो 'स्वतंत्र' या शब्दाला. स्वतंत्र कशापासून? कंपनीपासून असेल. जागेच्या भाड्यापासून तो स्वतंत्र नाही, आणि कपाची किंमत शेवटी कॉफीचे बी ठरवत नाही, पायाखालची जमीन ठरवते. गावाला नाव मिळाले की जमीन महागते, जमीन महागली की कप महागतो, कप महागला की जाळे सांधणारा माणूस कुंपणाबाहेर बसतो. या कॉफीघराच्या जागी उद्या एखादे साखळी-दुकान आले, तर मालकाचे हसणे तेवढे कमी होईल. वाळूतली चार माणसे आहेत तिथेच राहतील.

साखळी विरुद्ध स्वतंत्र हा झगडा जिथे स्वतंत्रांनी जिंकला आहे, त्या देशाकडे पाहा. ऑस्ट्रेलियात महायुद्धानंतर आलेल्या इटालियन लोकांनी गल्लोगल्ली कॉफीघरे काढली होती. २००० साली स्टारबक्स ही अमेरिकन कंपनी तिथे उतरली आणि २००८ साली तिने आपल्या ८४ दुकानांपैकी ६१ बंद केली. लहानांनी मोठ्याला हरवले! आमच्या तरुण मित्रांनी पेढे वाटावेत असा प्रसंग. आता त्याच देशातल्या बायरन बे या गावाची कथा ऐका. १९६२ पर्यंत तिथे देवमासे मारण्याचा धंदा होता, लोणी आणि मांसाचे कारखाने होते, कामकरी माणसांचे गाव होते. मग लाटांसाठी सर्फर आले, त्यांच्यामागून हौशी आले, हौशींच्या मागून सिनेनट आले. कॉफीघरे हवी तेवढी, आणि एकाहून एक स्वतंत्र. परंतु २०२१ च्या सुमारास तिथले घर सिडनीच्या घराहून महाग झाले. राहती घरे प्रवाशांना रात्रीच्या हिशेबाने जाऊ लागली, आणि गावात कॉफी करून देणाऱ्यालाच गावात खोली मिळेना. अखेर सरकारला २०२४ साली नियम करावा लागला, की त्या तालुक्याच्या बऱ्याच भागात मालक राहत नसलेले घर वर्षातून ६० दिवसांपेक्षा जास्त प्रवाशांना देता येणार नाही. कॉफीघरे वाचली होती. त्यांत बसणारे शेजारी उठून गेले होते.

आता मी पंचहौदच्या चहाकडे येतो. उपाहारगृहात कोण बसणार हा प्रश्न आपल्या देशात कधीच निव्वळ पैशाचा नव्हता. तमिळ शहरांतून कॉफी पसरली ती ज्या हॉटेलांतून, त्यांच्या पाटीवर मालकाची जात अभिमानाने लिहिलेली असे, आणि आत कित्येक ठिकाणी ब्राह्मणांना बसायला निराळी जागा असे. ओठ न लावता वरून कॉफी ओतून पिण्याची जी ऐट आपण त्या टंबलरात पाहतो, तिच्यामागे उष्ट्याखरकट्याचे सोवळे आहे. १९५७ साली पेरियार रामस्वामींच्या अनुयायांनी मद्रासच्या तिरुवल्लिक्केणी भागातल्या एका हॉटेलापुढे, पाटीवरचा 'ब्राह्मण' हा शब्द काढा म्हणून सत्याग्रह मांडला. एका शब्दासाठी शेकडो माणसे तुरुंगात गेली, आणि अखेर तो शब्द निघाला. खेड्यातल्या चहाच्या टपऱ्यांत दोन पेल्यांची पद्धत होती: सवर्णांना एक, दलितांना दुसरा, आणि दुसरा पेला ज्याचा त्याने विसळून ठेवायचा. ती पद्धत पुरती नाहीशी झाली असे आजही कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आपण महाराष्ट्रीयांनी इथे तमिळांना नाके मुरडायचे कारण नाही. १९२७ साली महाडला तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे.

मुंबईत या बाबतीत एक उपकारकर्ता होता: इराणी. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा, संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, ब्रून-मस्का आणि पानी-कम चहा. इराण्याच्या भिंतीवर पाट्या पुष्कळ. केस विंचरू नका, पाय वर घेऊ नका, थुंकू नका. माणसाने काय करू नये याचा जणू पिनल कोडच. पण जातीची पाटी तिथे नव्हती. गिरणीतला कामगार, टॅक्सीवाला, बेकार कवी आणि कोर्टाची तारीख पडलेला पक्षकार एकाच टेबलाशी बसत, आणि एका कपावर तासभर बसत. हॉटेलांत सर्वांना मुक्तद्वार असावे हे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात १९५० साली लिहिले गेले. इराण्याने ते आधीच, गल्ल्यावर बसून, कसलेही भाषण न करता अमलात आणले होते. मी ज्याला चावडी म्हणतो ती ही. 'सवड आहे, पैसे बेताचे आहेत, आणि कोण शेजारी येऊन बसेल ते माझ्या हातात नाही' या तीन गोष्टी जिथे जमतात ती चावडी. कोवलमच्या त्या कॉफीघरात सवड आहे. बाकीच्या दोन गोष्टी नाहीत.

काही कनवाळू मालक यावर तोड काढतात: गावकऱ्यांना निम्म्या दरात कॉफी. ऐकायला बरे वाटते. पण म्हाताऱ्या कोळ्याने आपण गावचे आहोत हे गल्ल्यावरच्या पोराला सांगायचे, त्या पोराने आत विचारून यायचे, आणि मग उपकाराचा पेला हाती पडायचा! दोन दरांचा पेला हा दोन पेल्यांचाच धाकटा भाऊ आहे. ज्याला थोडी लाज आहे तो कोळी त्या दारात दुसऱ्यांदा जाणार नाही. मला दर एकच हवा, आणि तो टपरीच्या जवळपासचा हवा.

'मग धंदा कसा चालायचा?' धंदा कसा चालतो ते पाहायला परदेशी जायला नको. कॉफी खपावी म्हणून मळेवाल्यांच्या पैशांतून निघालेले इंडिया कॉफी हाऊस १९३६ साली मुंबईत, चर्चगेटला सुरू झाले. पुढे देशभर त्याच्या शाखा झाल्या. १९५० नंतरच्या दशकात कॉफी बोर्डाने ती घरे बंद करायला घेतली आणि वाढप्यांवर, आचाऱ्यांवर घरी बसायची पाळी आली. तेव्हा कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांच्या सल्ल्याने या माणसांनी सहकारी सोसायट्या काढल्या: १९५७ साली बंगळूर आणि दिल्लीत, १९५८ साली केरळात त्रिचूरला. पांढरा फेटा बांधून कॉफी आणून देणारा माणूस त्या दुकानाचा भागीदार झाला. त्रिवेंद्रमच्या बसस्थानकाशेजारी लॉरी बेकर यांनी बांधलेले कॉफी हाऊस ज्यांनी पाहिले असेल, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. विटांची गोल इमारत, शंखासारखी वर वर चढत जाणारी, भिंतीलगत बांधून काढलेली बाके. त्या चढावर वकील, हमाल आणि माहेरी निघालेली लेकुरवाळी एकाच रांगेत बसतात, आणि कोणाच्याच खिशाला चटका बसत नाही. सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. काही शाखा बुडाल्या, काहींच्या भिंतींना वर्षानुवर्षे रंग नाही. बंगळूरच्या महात्मा गांधी रस्त्यावरची शाखा तर २००९ साली जागेच्या वादापायी उठली आणि चर्च स्ट्रीटवर गेली. पाहा, तिथेही पुन्हा जागाच आडवी आली! म्हणजे माणसे भागीदार झाली तरी जमीन दुसऱ्याची असेल तर पुरत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि ती कोवलमपेक्षा आपल्या कोकणाला जास्त लागू आहे. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले या बाजूला कोवलमचे दिवस यायला फार काळ लागणार नाही. बुडी मारून प्रवाळ पाहणारे तर येऊनही गेले. शिवाय २०१९ च्या किनारा-नियमांनी दाट वस्तीच्या खेड्यांत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत असलेली बांधकामबंदी ५० मीटरवर आणून ठेवली आहे. ज्या मोकळ्या वाळूवर जाळी सुकतात, होड्या ओढल्या जातात, ती कोणाच्या सातबाऱ्यावर नसते. म्हणूनच ती सर्वांची असते आणि म्हणूनच ती सर्वांत आधी जाते. अशा जागेलगत कॉफीघरासाठी परवानगी मागणारा अर्ज ग्रामपंचायतीपुढे येईल, तेव्हा तिने लिलाव पुकारू नये. जागा पंचायतीची ठेवावी आणि ती मच्छीमार सोसायटीला किंवा गावच्या बायकांच्या बचत गटाला नाममात्र भाड्याने द्यावी. सोसायटी बर्फ विकते, डिझेल विकते; कॉफी विकायला तिला कोण अडवतो? यंत्राची कॉफी ठेवायची तर ठेवावी. शहरातल्या पाहुण्यांनीही खुशाल यावे, फळ्या कोपऱ्यात उभ्या कराव्यात, फोटो काढावेत. त्यांचा मला राग नाही. पण चहा-कॉफीचा साधा कप तिथे मिळालाच पाहिजे, आणि तो सर्वांना एकाच दरात.

यावर एका तरुण मित्राने मला विचारले, की कोळी माणूस कॉफीघरात येऊन बसेल तरी का? त्याला हौस असते का? कोवलमला पहाटे पाचला बसथांब्याच्या टपरीवर जाऊन पाहावे. रात्रीचे समुद्रातून परतलेले लोक आणि मासळीच्या टोपल्या घेऊन पहिल्या बसची वाट पाहणाऱ्या बायका तिथे उभ्या असतात, आणि डिझेलच्या भावापासून कोणाच्या मुलीच्या लग्नापर्यंत सगळा गाव तिथे बोलून होतो. हे सारे उभ्याने, कारण टपरीला एकच बाक आहे आणि त्यावर दुधाचे कॅन ठेवलेले असतात. त्या बायकांपैकी एकीला मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारले, की पलीकडच्या कॉफीघरात कधी गेलीस का? ती म्हणाली, "रोज जाते. मासळी द्यायला."